न पडलेला स्लॅब

"मागं व्हा, आजोबा. वरचा मजला कधीही खाली येईल," अग्निशमन दलाची बाई म्हणाली.

"नाही यायचा," क्लिफर्ड ओल्डरॉइड म्हणाला. "आणि माझी बायको वर आहे."

हडर्सफील्डमध्ये उतारांना तोटा नाही. खडीचा एक ट्रक ब्रेक तुटून सुटला, तो थेट दवाखान्याच्या दर्शनी बाजूचा मधला खांबच उडवून गेला. वरचा मजला तिथं हातभर खाली आला आणि तसाच थांबला. त्याच मजल्यावर एडना पायाची कुरूपं काढून घ्यायला गेली होती.

क्लिफर्ड बोलला खरा, पण त्या वाकलेल्या मजल्यावरून नजर काढेना. तो स्लॅब त्याच्याच हातचा, बांधकामावर होता तेव्हाचा. पन्हाळी पत्रा अंथरायचा, पत्र्यातून खालच्या पोलादी तुळईला लोखंडी खुंट्या वेल्ड करायच्या, वर जाळी आणि मग काँक्रीट. सगळं एकजीव झालं की एखादा खांब गेला तरी भार शेजारचे वाटून घेतात आणि चौघांनी ताणून धरलेल्या चादरीसारखा स्लॅब लोंबत राहतो. खुंट्यांनी मात्र सोडता कामा नये. म्हणून शंका आली की क्लिफर्ड खुंटीला हातोडा घालून वाकवायचा. मुळाशी तडकली नाही तर पास. मग ती तशीच वाकडी काँक्रीटखाली जायची. त्याला शंका जरा जास्तच यायची. सोबती म्हणायचे, "क्लिफ, खुंट्या लावतोयस की त्यांना राणीपुढं वाकायला शिकवतोयस?"

आज त्याला त्यातली एकही वाकवून पाहिलेली खुंटी आठवेना.

शिडीवरून माणसं उतरू लागली. एडना सगळ्यांत शेवटी आली. एका पायात बूट, दुसरा पाय उघडा.

"एकच कुरूप निघालं बघ," ती म्हणाली. "दुसऱ्याला हात घालणार, तेवढ्यात खुर्ची घसरायला लागली. तुझ्या स्लॅबला पोट सुटलंय रे म्हाताऱ्या. अगदी तुझ्यासारखं."

क्लिफर्डला हसायचं होतं. तो भर रस्त्यात ढसाढसा रडला, आणि एडनानं त्याला रडू दिलं.

इमारत काही वाचणार नव्हती. वसंतात ती पाडायला घेतली, तेव्हा क्लिफर्ड चहाचा थर्मास घेऊन कुंपणाशी जाऊन उभा राहायचा. भिंती पटापट गेल्या. त्या मजल्याशी मात्र मशीन सकाळपासून झोंबत होतं. शेवटी चालक मान पुसत खाली उतरला.

"काँक्रीट फोडलं तर पत्रा धरून ठेवतो. पत्रा फाडावा तर खुंट्या सोडत नाहीत," तो करवादला. "ज्यानं कोणी केलंय हे, त्याचं वाटोळं होवो."

आयुष्यभरात क्लिफर्डच्या कामाची एवढी तारीफ कोणी केली नव्हती. त्यानं थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि कुंपणावरून त्याच्यापुढं धरला.

"घे बाबा," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत काही हे सुटायचं नाही."