नादकाट्याची साक्ष

जो आवाज तिच्या कंठातून कधी निघालाच नव्हता, त्या आवाजासाठी ती प्रसिद्ध झाली होती.

एकोणिसाव्या वर्षी तिचा पहिला अल्बम निघाला, तेव्हा कंपनीने तिला ‘चिमणी’ हे नाव दिले आणि त्या नावाला शोभेल असा आवाजही दिला. युक्ती साधी होती. ती गात असताना ध्वनिफीत किंचित मंद फिरवायची आणि श्रोत्यांना ऐकवताना नेहमीच्या गतीने सोडायची. मूळचा भरदार, खर्जाकडे झुकणारा स्वर त्यामुळे बारीक आणि कोवळा होऊन बाहेर पडे. घरोघरी चिमणी किलबिलली. तिच्या वडिलांनी मात्र ती गाणी एकदाच ऐकली आणि हातातला पेचकस खाली न ठेवता ते म्हणाले, “छान आहे. कोण गातंय?”

वडील वाद्ये दुरुस्त करीत, जुळवून देत. स्वर ही त्यांच्या लेखी पवित्र वस्तू होती. तो केसभर ढळला तरी त्यांना अन्न गोड लागत नसे. तो प्रश्न लेकीच्या जिव्हारी लागला. पाच वर्षांनी दुसऱ्या अल्बमची वेळ आली तेव्हा आठही गाणी तिने स्वतः रचली. शब्द तिचे, चाली तिच्या. करारात वडिलांनी एक वाक्य आग्रहाने घालून घेतले: गायिकेच्या लेखी संमतीवाचून हे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध होणार नाही. आणि तिने आपल्या परीने आणखी एक तजवीज केली. वडिलांचा नादकाटा, म्हणजे आघात करताच एकच अढळ स्वर देणारा दोन बाहूंचा पोलादी काटा, ती प्रत्येक गाण्याच्या आरंभी गुडघ्यावर आपटून मायक्रोफोनपुढे धरी आणि त्याचा नाद विरत असतानाच गाणे उचली. तो टोल गाण्याच्या अंगात असा मुरला होता की, तो कापू जाता गाण्याचा पहिला शब्दच तुटावा.

कंपनीने ती गाणी ऐकली आणि निकाल दिला, “ही चिमणी नव्हे.” गती वाढवू, ते म्हणाले. वाढवू देणार नाही, ती म्हणाली. अल्बम कपाटात गेला. पुढे वडील गेले, आणि ती त्यांच्या दुकानात त्यांच्याच बाकावर बसून लोकांची वाद्ये सुरात आणू लागली. अशी सत्तावीस वर्षे लोटली.

आणि आता कंपनीच्या नव्या व्यवस्थापकाचा फोन आला होता. अल्बम काढायचा होता. तिने एकच अट घातली, मूळ गती. “अक्षरशः तशीच, मॅडम,” तो म्हणाला होता.

कंपनीचा जिना चढताना तिची तरुण लेक मागे होती.

“आई, आज भांडू नकोस.”

“मी कधी भांडते?”

“फोनवाल्याशी. वरच्या मजल्यावरच्या काकूंशी. त्या व्हायोलिनवाल्याशी तर गेल्याच आठवड्यात.”

“त्यानं व्हायोलिन गादीसारखं उन्हात घातलं होतं.”

“बरं. पण हे निघू दे गं. लहानपणापासून या अल्बमचं नुसतं नाव ऐकतेय. तू घरात एक ओळ म्हणशील तर शपथ. निदान एकदा कानावर पडू दे.”

तिलाही ते हवे होते, आणि किती हवे होते हे तिने लेकीलाही कधी कळू दिले नव्हते.

खोलीच्या भिंती मऊ गाद्यांनी मढवलेल्या होत्या. व्यवस्थापक अदबीने उठून उभा राहिला. त्याच्याशेजारी ध्वनिमुद्रक बसला होता, सत्तरी ओलांडलेला. दोन्ही अल्बमच्या वेळी यंत्रापाशी तोच होता, आणि जुनी फीत उतरवून घेण्यासाठी कंपनीने त्यालाच शोधून काढले होते.

“फीत फार थकली होती गं,” तो म्हणाला. “फिरताना तिचा थर भुकटीसारखा गळत होता. एकदाच धावली. पुन्हा लावली तर काही उरणार नाही. आता जे आहे ते या संगणकात.”

“म्हणजे हे गेलं की गेलं.”

“गेलं की गेलं.”

व्यवस्थापकाने कळ दाबली. टोल पडला, आणि पाठोपाठ गाणे उमटले. तिचेच शब्द, तिचीच चाल; आणि त्यांवर बसलेली ती बारीक, कोवळी चिमणी. लेक तन्मयतेने ऐकत होती.

“काका,” तिने ध्वनिमुद्रकाला विचारले, “हे मूळ गतीनं आहे?”

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “जवळपास.”

“जवळपास म्हणजे कुठून? तुमच्या घरापासून की माझ्या?”

“मॅडम, थोडं पॉलिश केलंय, एवढंच,” व्यवस्थापक हसून म्हणाला. “आणि ती सुरुवातीची घंटा किती गोड आहे. आमची मुलं म्हणाली, ही मुळीच काढायची नाही. तरुण मंडळींना असं आवडतं.”

“घंटा,” ती म्हणाली.

तिने पिशवी उघडली. फ्लॅनेलच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेला नादकाटा काढला आणि तो गुडघ्यावर आपटून त्याचे बूड टेबलावर टेकवले. सबंध टेबल एका स्वरात गाऊ लागले. “आता तुमची घंटा वाजवा. नुसती तेवढीच, पुन्हा पुन्हा.”

ध्वनिमुद्रकाने तो टोल फिरता ठेवला. दोन्ही स्वर हवेत भेटले मात्र, आणि खोलीत खडबडीत घरघर उठली, जणू दोन दातेरी चाके एकमेकांवर घासत होती. लेकीने कान झाकले.

“काटा तोच आहे,” ती शांतपणे म्हणाली. “पोलाद वयानं चिमणी होत नाही. तुम्ही मला पळवलंत, तर तोही पळाला.”

“पण मॅडम, हे कुणाला कळणार? नादकाटा असतो कुणाच्या घरी?”

“प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेत असतो,” ध्वनिमुद्रक खाली मान घालून पुटपुटला.

“काका, आता हळूहळू गती उतरवा. हा पुन्हा वाजवते.”

म्हाताऱ्याची बोटे कळीवर स्थिरावली. घरघर सैल होऊ लागली. तिच्या लाटा झाल्या, त्या लाटा लांबत गेल्या, पाळण्याच्या झोक्याएवढ्या संथ झाल्या. आणि एका क्षणी त्या उरल्याच नाहीत. दोन टोलांचा एक अखंड, निष्कंप नाद झाला.

“इथंच,” ती म्हणाली. “आता गाणं.”

त्या गतीने गाणे लागले. खोल, रुंद, किंचित खरखरीत किनारीचा तो आवाज मढवलेल्या भिंतींना न जुमानता खोलीभर पसरला. सत्तावीस वर्षे तो कपाटात होता, पण अवघडलेला मुळीच वाटत नव्हता. गाणे संपल्यावर लेक म्हणाली, “ही तर तू आहेस. याच आवाजात मला आंघोळीला हाकायचीस.”

“आणि तू याच आवाजाला घाबरून पलंगाखाली लपायचीस.”

व्यवस्थापक माणूस वाईट नव्हता. त्याच्या डोळ्यांतही काही हलले होते. पण त्याने संमतीचा कागद पुढे सरकवला तो जुन्याच बेताने. “सुंदर आहे, मॅडम. खोटं नाही बोलत. पण लोक येणार चिमणीसाठी. हे ऐकून ते विचारतील, कोण गातंय?”

“विचारू द्या. माझे वडील तेच विचारून गेले. उत्तर द्यायचं राहिलंय.”

“असं करू, सात गाणी वाढीव गतीनं आणि शेवटचं एक मूळ. बोनस म्हणून.”

“माझाच आवाज मला बक्षीस?”

“नाहीतर हे कायमचं कपाटात राहील. फीत गेलीच आहे. आमच्या परवानगीशिवाय या ध्वनिमुद्रणाला कुणी हात लावू शकत नाही.”

“ध्वनिमुद्रणाला,” ती म्हणाली. “गाण्यांना नव्हे. ती माझी आहेत.”

तिने लेकीकडे पाहिले. जिन्यावर ‘निघू दे’ म्हणणारी ती पोर आता ओठ मिटून मान हलवत होती: नको. तिने पेन घेतले. संमतीच्या रेघेवर, शाळेतल्या सुलेखनासारख्या ठसठशीत अक्षरांत लिहिले, ‘असंमत’. खाली सही केली, तारीख घातली आणि नादकाटा पुन्हा फ्लॅनेलमध्ये गुंडाळला.

“कपाट कोरडं ठेवा,” ती उठताना म्हणाली. “दमट हवेत सगळंच बिघडतं.”

ध्वनिमुद्रकाने तिला खालच्या पायऱ्यांवर गाठले. त्याला धाप लागली होती.

“चिमणीच्या वेळीही कळ माझ्याच हातात होती,” तो म्हणाला. “नाही म्हणता आलं असतं.”

“आलं असतं.”

“माझा जुना मायक्रोफोन आहे अजून. धूळ खातोय.”

तिने त्याला आपादमस्तक न्याहाळले. “उद्या सकाळी दहाला दुकानात या. आणि काका, ‘जवळपास’ चालणार नाही.”

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारावर ‘आज बंद’ची पाटी लागली. दुरुस्तीला आलेली वाद्ये त्यांनी कडेला सरकवली. त्यांच्या तारा उगाच गुणगुणू नयेत म्हणून लेकीने त्यांवर चादरी घातल्या. बाकासमोर मायक्रोफोन उभा राहिला. तिने आवाज लावून पाहिला. तो त्या फितीतल्यापेक्षा आणखी सव्वा स्वर खाली बसला.

“उतरलाय,” ध्वनिमुद्रक काळजीने म्हणाला. “वय झालं.”

“वयानं उतरवला तर चालेल. त्यानं मला विचारलं नाही, पण फसवलंही नाही. चाल खालून घेऊ.”

त्याने कानांवर हेडफोन चढवले, यंत्राची गती दोनदा तपासली आणि सवयीने घोषणा केली, “गाणं पहिलं.”

“पूर्ण म्हणा, काका.”

त्याने घसा साफ केला. “दुसरा अल्बम. गाणं पहिलं.”

तिने नादकाटा गुडघ्यावर आपटला.