तोरणानंतरची जागा

कानावर बसलेली ती काळी स्पंजाची वाटी इडलीएवढी, आणि ऊबही नुकत्या उतरवलेल्या इडलीची… इंदिराबाईंनी ती बोटानं जरा दाबून पाहिली, तेवढ्यात आतून कुणी म्हातारी गाऊ लागली. आवाज जाडसर, पण पक्का; सूर धरला की सोडायचा नाही असा. बरी गाते की ही, असं मनाशी म्हणून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की ही आपणच — आणि मग तर ती म्हातारी त्यांना फारच आवडली.

"मंडप घातला श्रीनिवासरावांनी, तोरण बांधलं पाणी भरलं किरणकुमारांनी…"

इंदिराबाईंनी वाटी कानावरून काढली.

"काय गं, तोरण कुणी बांधलं?"

रक्षितानं, त्यांच्या नातीनं, लॅपटॉपवरून मान वर केली नाही. "अप्पा बांधले, अल्ला, हो ना? गाण्यात तसंच आहे की."

अप्पा म्हणजे किरणकुमार, इंदिराबाईंचा मुलगा, ज्यानं उभ्या जन्मात भिंतीत एक खिळा ठोकला होता आणि तोही वाकडा. मंडप त्याच्या मामानं घातला, ते ठीक. पण मामा आणि भाचा यांच्यामध्ये एक माणूस होता… बाहेरच्या खोलीत आता, या घटकेला, टीव्हीपुढे पाय पसरून बसलेला, धडधाकट. तो गेला कुठे?

"मध्ये मी थांबले होते ती जागा काय झाली?"

"तिथे काही नव्हतं, अज्जी. सुम्मने होतं. सायलेन्स सगळं मी काढले."

सुम्मने. उगाच म्हणजेही सुम्मने आणि गप्प म्हणजेही सुम्मने. जन्म गेला हे कानडी बोलण्यात, पण दोन्हीला एकच शब्द आहे हे आजच टोचलं. पोरीचं कामच ते. लोक पुस्तकं वाचून, जाहिराती बोलून पाठवतात आणि ही खिडकीला गोधड्या टांगून त्यांतलं गप्प बसणं कापून टाकते. घराणं रंगाऱ्यांचं, कापडावर ठसे उठवणारं; हिच्या आजोबांच्या, सुब्बरावांच्या, हातातून ठसे गेले नि शिंप्याची कात्री आली, तोवरही समजत होतं — कापड दिसतं तरी. मी दुसरीपर्यंत शिकले, मला काय कळणार… पण उरलेल्या चिंध्या कुठे पडतात, एवढं तरी कुणी दाखवावं.

गुरुवारी हिचीच हळद. हॉलमधल्या वाजंत्र्यांपुढे आजीचा दम पुरायचा नाही म्हणून गाणं आधीच भरून ठेवलेलं, आणि संध्याकाळपर्यंत ते स्पीकरवाल्याला पाठवायचं होतं. भरताना हिनं घरातल्या सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं. तिथंच घोटाळा झाला. नवऱ्याचं नाव इंदिराबाईंनी चोपन्न वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. 'तोरण बांधलं' म्हणून त्या थांबायच्या आणि जमलेल्या बायका हसत, एकमेकींना ढोसत, ओरडून ते नाव भरायच्या. हळद खरी रंगायची ती त्या एका जागेवर. आता तीस बायका तोंड उघडतील, तोवर किरणकुमार पाणी भरून मोकळा. आणि रजनी, त्यांची जाऊ, पदर तोंडाला लावून म्हणेल — अक्कांनी भावजींना गाळलं वाटतं…

"मग तूच म्हण ना नाव," रक्षिता म्हणाली. "एकदाच. मी जोडते."

"चोपन्न वर्षं राखलेलं तोंड तुझ्या या डब्यासाठी उघडू? तू म्हण होणाऱ्या नवऱ्याला पुनीत, पुनीत. सकाळपासून कुकरच्या शिट्ट्या कमी आणि तुझा पुनीत जास्त झालाय."

"त्याचं नाव आहे ते, अज्जी. दुसरं काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. माझी जागा परत घाल."

"घालते. किती घालू?"

"होती तेवढी."

"होती तेवढी गेली. चुकून जुन्यावरच सेव्ह केले मी." पोरगी पहिल्यांदाच जरा ओशाळली. "सांग, एक सेकंद?"

एक सेकंद ऐकलं. आवंढा गिळल्यासारखं वाटलं. मग तिनं चार घातले. "एवढं? माणूस आहे की गेला?" इंदिराबाई म्हणाल्या. मग दोन, मग अडीच… पडद्यावर निळ्या नक्षीच्या दोन तुकड्यांमध्ये कोरी पट्टी लांब व्हायची, आखूड व्हायची, आणि त्यांच्या मनगटावर सासूच्या ठशाची मूठ पुन्हा बसली — नव्या नवरीच्या हातून कापडावर ठशावर ठसा चढला होता, तेव्हा बसली होती तशी. जागा सोड, पोरी, म्हणायची. कोरं दिसलं तरी चालेल, ते विसरलेलं दिसू नये, सोडलेलं दिसावं. म्हातारी जळकी होती, पण हात सोन्याचा.

"असं करू," रक्षिता म्हणाली. "तू नाव मनात म्हण. सुरू केलीस की या लांब बटणावर बोट ठेव, संपलं की उचल. मी मोजते."

हे बरं होतं. मनाला काय बंदी. इंदिराबाईंनी डोळे मिटले, मनात 'तोरण बांधलं' म्हटलं, आणि बोट ठेवलं.

अनवाणी सरदार.

त्या दचकल्या. बोट तिथंच राहिलं. हे कुठून… लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला, बन्नीमंटपाच्या मैदानावरची मशालींची कवायत बघून परतताना, गर्दीत यांची एक चप्पल गेली. आणि दुसरी पिशवीत लपवून हा मनुष्य घरापर्यंत अनवाणी चालला, मान ताठ, जणू काही आपण निघालोच होतो तसे. खडा रुतला की मिशी हलायची. मी हसले नाही. नुसतं मनात नाव ठेवलं, आणि ते कुणाला सांगितलं नाही, त्यांनाही नाही. आणि मग प्रत्येक हळदीला, बायका ते एक नाव ओरडत असताना, ओठ मिटून, लाजल्यासारखी मान खाली घालून मी… दर वेळी हेच म्हणत आले की काय? लोक म्हणायचे, इंदिराबाईंची मर्यादा बघा. कान गरम झाले. आता तर वाटीही नव्हती कानावर.

"अज्जी, संपलं?"

बायकांना पुरेल एवढंच मोजायचं तर बोट केव्हाच उचलायला हवं होतं. आपल्याला पुरेल एवढं धरायचं तर… ते किती, हे कुणी आजवर विचारलंच नव्हतं.

"थांब गं. मध्ये बोलू नकोस."

तीस जणींचं नाव संपलं होतं. इंदिराबाईंचं अजून वाटेत होतं, खडे चुकवत, मान ताठ ठेवून, आणि त्यांना घाई नव्हती.