चौथा रकाना

मावशीच्या तळ्याचं आयुष्य संध्याकाळी पाचपर्यंतच होतं. खरं तळं जागचं हलणार नव्हतं; पण संगणकावर मांडलेलं त्याचं अकरा वर्षांचं गणित मावशीच्या संशोधन संस्थेतल्या जुन्या मशीनवर होतं आणि पाचला ते मशीन कायमचं बंद होणार होतं. त्याआधी संस्थेच्या नव्या डिजिटल संग्रहात गेलं ते वाचलं, बाकीच्यावर पाणी सोडायचं.

अडचण एवढीच, की मशीन आकडे ओकायचं ते बायनरीत: नुसती बाइटांची रांग, नाव ना गाव. संग्रहाचा शिरस्ता मात्र कडक. प्रत्येक रकान्याला नाव हवं, एकक हवं, नाहीतर फाइल दारातूनच परत.

मावशीची दहावीतली भाची, अखंड गुणगुणते म्हणून भुंगी, रूपांतराचा प्रोग्राम लिहायला बसली होती. सव्वाचारला तिने तीन रकाने हातावेगळे केले: तापमान, प्रवाहाचा वेग, क्षार.

"मावशी, चौथ्यात काय आहे?"

"शून्य."

"ते दिसतंय. अकराही वर्षं शून्यच आहे. पण कशाचं शून्य?"

"काहीतरी वाईट असणार. आपल्या तळ्यात नाहीये."

"अहवालात काय लिहायचीस?"

"समाधानकारक."

भुंगीची गुणगुण थांबली. मूळ प्रोग्राम लिहिणारे सर निवृत्त झाले होते, तरी रोज येऊन समोरच्याच खोलीत पेपर वाचत बसायचे.

"सरांना विचार की."

"पहिल्या महिन्यात राहून गेलं. मग वर्ष झालं. आता कोणत्या तोंडाने विचारू?"

"आहे त्याच. दुसरं आणायला वेळ नाही."

मावशीने केस सारखे केले, दार उघडलं, पुन्हा लावलं. चार चाळीस झाले. तिने पुन्हा उघडलं.

"सर, चौथा रकाना कशाचा आहे?"

सरांनी पेपरची घडी घातली. "रिकामा आहे. आल्या आल्या तू म्हणाली होतीस, तळाचा गाळही गणितात धरायला हवा. मी जागा करून ठेवली. म्हटलं, ही विचारेल."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगणार होतो. तेवढ्यात दोन वर्षं उलटली. मग बरं दिसेना."

मावशी परत आली ती पडलेला चेहरा घेऊनच. भुंगीने सुचवलं, "रकानाच उडवू. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय. ठेव तो. नाव गाळ, एकक दर लिटरला ग्रॅम."

"पण शून्य म्हणजे मोजलं आणि सापडलं नाही. तुम्ही तर मोजलंच नाही."

त्यासाठी संग्रहाच्या ठरलेल्या साच्यात वेगळी खूण होती, ‘नोंद नाही’ अशी. भुंगीने झाडून सगळ्या शून्यांच्या जागी ती भरली. खालच्या टिपेत मावशीने स्वतः टाइप केलं: "अहवालांतला गाळाविषयीचा शेरा रद्द समजावा. विचारणा उशिरा झाली."

चार सत्तावन्नला संग्रहाने फाइल घेतली. मावशी तशीच समोरच्या खोलीत गेली.

"सर, गाळाचं समीकरण कसं मांडायचं?"

"मला येत नाही," सर म्हणाले. "खुर्ची ओढ."