पहिल्या पायरीशी काढून ठेवलेला पाय

मित्रांनो, मी बूट आहे, पण माझी जोडी कधीच नव्हती. माझ्या टाचेतून दोन लोखंडी दांड्या निघतात आणि मांडीपर्यंत जातात. मध्ये गुडघ्याशी दोन कड्या आहेत, वर चामड्याचे पट्टे आहेत. शहाणी माणसे मला कॅलिपर म्हणतात. आमच्या घरात मला नुसते ‘बूट’ म्हणत. आता मी जुना झालो आहे. अड्याळच्या पलीकडच्या एका गावात, धान साठवायच्या ढोलीमागे मी पडून असतो. उंदरांनी माझे पट्टे कुरतडले आहेत. माझी गोष्ट आनंदाची नाही, पण ती तुमच्या कामाची आहे.

माझा जन्म १९७७ साली नागपूरच्या एका लहानशा कारखान्यात झाला. केवळराम नावाच्या मिस्त्रींनी मला घडवले. मी ज्या पायासाठी होतो, तो पाय माझ्याआधी त्यांच्या टेबलावर आला. सत्यवती नावाच्या तेवीस वर्षांच्या मुलीचा तो डावा पाय होता. लहानपणी तापात पोलिओ झाला आणि तो पाय वाळत गेला. तेव्हापासून ती डावा हात गुडघ्यावर दाबून, वाकून चाले. मिस्त्रींनी कागदावर त्या पायाची आकृती काढली आणि लोखंड कापायला घेतले.

मला घालून ती पहिल्यांदा सरळ उभी राहिली, तेव्हा तिचा भाऊ सेवकराम तिच्याकडे बघतच राहिला. बहीण आपल्या खांद्याएवढी उंच आहे, हे त्याला माहीत नव्हते.

“उभं राहिलं का या कड्या खाली पडतात,” केवळराम म्हणाले. “टक् असा आवाज येते. आवाज आल्याबिगर भार टाकाचा नाही. कडी नाही पडली तं गुडघा दुमडते, अन् माणूस पडते.”

“पहाडी चढता येईन का?” सत्यवतीने विचारले.

सेवकराम हसला. “पहिले आंगण तं चाल, बाप्पा!”

मिस्त्री हसले नाहीत. “चढताना चांगला पाय आधी, उतरताना हा आधी. घाई कराची नाही. येईन.”

तिने हे का विचारले, ते मला गावात आल्यावर कळले. गावाच्या मागे खडकदेवाची पहाडी आहे. दर माघात तिथे जत्रा भरते. सारे गाव पायऱ्यांनी वर जाते आणि खडकदेवाला नारळ फोडते. सत्यवतीला घरचे लोक बैलबंडीत घालून पायथ्यापर्यंत नेत. ती तिथे चपलांची राखण करत बसे. वरून उतरलेली माणसे म्हणत, बोडीचे पाणी कसे चमकून राहिले, आपले घर कसे दिसून राहिले. ती ऐकून घेई आणि ज्याची त्याला चप्पल देई.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. माझ्या पट्ट्यांनी तिच्या मांडीला जखमा झाल्या. अंगणात ती दोनदा पडली. सेवकरामची बायको रुखमिणी रोज संध्याकाळी एरंडीचे तेल लावी आणि म्हणे, “राहू दे ना सत्या. कोण जबरदस्ती करून राहिलं?” सत्यवती दुसऱ्या सकाळी पुन्हा पट्टे आवळी.

आधी विहिरीपर्यंत, मग बोडीच्या पाळीपर्यंत, असे आम्ही वाढत गेलो. पहाडीची मागची बाजू तिने निवडली. तिकडून गुरे चरायला जात, पायऱ्या नव्हत्या, फक्त मातीची तिरपी वाट होती. आम्ही बाजाराच्या दिवशी जात असू. त्या दिवशी गाव अड्याळला गेलेले असे आणि बघायला कोणी नसे. पहिल्या वेळी एका तेंदूच्या झुडपापर्यंत गेलो आणि परतलो. मग पुढच्या मोठ्या दगडापर्यंत. चढावर न वाकणारा पाय ओढता येत नाही, तो बाहेरून वळसा घालून टाकावा लागतो. पावसाळ्यात वाट बंद पडली. पाऊस सरल्यावर पुन्हा तेंदूपासून सुरुवात करावी लागली. तिने कुरकुर केली नाही. फक्त दर थांब्यावर ती माझ्या कड्या चाचपून पाही.

१९७९ च्या मार्गशीर्षात, धान कापून झाल्यावर, आम्ही वर पोचलो. तिथे वारा होता, लहानशा देवळात शेंदूर लावलेला खडक होता आणि दुसरे कोणी नव्हते. तिने काठीवर भार देऊन खाली पाहिले. बोडी, खळ्यावर रचलेली धानाची पुंजणी, कौले, आणि त्यांत आपले घर.

“एवढंसंच आहे का गाव!” ती म्हणाली आणि मोठ्याने हसली. तिला तसे हसताना मी पुन्हा कधी ऐकले नाही.

घरी येऊन तिने रुखमिणीला सांगितले. रुखमिणीने सेवकरामला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी ते गावभर झाले. शेजारच्या पुष्पाबाई सूप घेऊन अंगणात आल्या.

“काय वो सत्यवती, पहाडी चढली म्हणतेत तू?”

“हो.”

“मागून ना? मागून तं ढोरं बी चढतात. पायऱ्यायनं चढ, साऱ्या गावासमोर देवाले नारळ फोड, मंग मानू.”

“येऊ द्या माघ,” सत्यवती म्हणाली. “पायऱ्यायनंच चढतो.”

पुष्पाबाई दुष्ट नव्हत्या. त्या तसेच बोलत. पण ते बोलणे सत्यवतीच्या मनात रुतले. एकटीने, कोणी नसताना वर जाणे आता तिला पुरे वाटेना. सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्या वाटेने वर जायचे, एवढे एकच तिच्या डोक्यात राहिले.

खडकदेवाचा एक नेम आहे, मित्रांनो. पहिल्या पायरीच्या वर चामडे न्यायचे नाही. चपला तर सगळेच काढतात, पण पुरुष कमरेचे पट्टेही काढून पायथ्याशी ठेवतात. ढोलकीला चामडे असते, म्हणून ढोलकीवाले खालीच बसून वाजवतात. मागच्या गुरांच्या वाटेला मात्र हा नेम कोणी लावत नसे. हा नेम सत्यवतीला ठाऊक होता. तिने आयुष्यभर ते पट्टे आणि त्या चपला राखल्या होत्या. तरी मीही चामड्याचा आहे, हे तिच्या, सेवकरामच्या किंवा रुखमिणीच्या लक्षात आले नाही. त्यांच्या लेखी मी पाय होतो.

जत्रेच्या सकाळी पहिल्या पायरीशी गर्दी होती. तिथे भैय्याजी उभे होते. देवस्थानाची देखभाल त्यांच्याकडे होती. म्हातारे, मवाळ गृहस्थ. त्यांनी हात जोडले.

“बाई, ते चामडं आहे ना?”

“पाय आहे तिचा तो,” रुखमिणी म्हणाली.

“पाय आहे, मी कुठं नाही म्हणतो? पण चामड्याचा आहे ना वो. माहा नेम नाही हा, देवाचा आहे.”

मागून लोक ओरडू लागले. “चला वो, पुढं सरका! ऊन चढून राहिलं.”

सेवकराम ओशाळला. “काढ ना सत्या. एका दिवसाचं तं काम आहे. मी धरतो तुले.”

रुखमिणीने तिचा हात धरला. “नको. आपण मागच्या वाटेनं जाऊ. मी येतो तुह्यासंगं. बूट ठेव पायात.”

सत्यवतीने वर पाहिले. पायऱ्यांवर सारे गाव चढत होते. “नाही, वहिनी,” ती म्हणाली. “मंग सारे म्हणतीन, हे मागूनच येते.”

ती खाली बसली. माझे पट्टे तिने स्वतःच्या हाताने सोडले. मला चपलांच्या ओळीत नीट उभे करून ठेवले, एका हातात नारळ घेतला आणि दुसरा हात सेवकरामच्या गळ्यात टाकला.

पुढचे मी पाहिलेले नाही. मी ढोलकी ऐकत होतो. बऱ्याच वेळाने वरून एक मोठा गलका आला आणि ढोलकी थांबली. मग माणसे घाईने उतरू लागली. चपला शोधता शोधता ती माणसे जे बोलली, त्यावरून मला कळले. वरच्या देवळाची कमान दिसू लागली होती. उतरणाऱ्या माणसांचा लोंढा आला, सेवकरामला एक पाऊल बाजूला व्हावे लागले, आणि सत्यवतीचा सगळा भार डाव्या पायावर आला. गुडघा दुमडला. सेवकरामच्या हातात तिच्या पोलक्याची बाही फाटून राहिली. ती पायऱ्यांवरून गडगडत खाली आली.

देवळातली खाट आणून त्यांनी तिला उतरवले. माझ्यासमोरूनच नेले. तिचा चेहरा पांढरा पडला होता. “बूट घ्या माहा,” ती म्हणत होती. कोणाचे लक्ष नव्हते. साऱ्यांनी आपापल्या चपला, आपापले पट्टे नेले. मी तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी रुखमिणी एकटी आली आणि मला पदरात गुंडाळून घरी घेऊन गेली.

डाव्या मांडीचे हाड मोडले होते. भंडाऱ्याच्या दवाखान्यात प्लास्टर झाले. हाड जुळले, पण पाय दोन बोटे आखूड झाला. घरी पाठवताना डॉक्टर सेवकरामला म्हणाले, “नागपूरला न्या. बुटाची टाच उंच करून दांड्या बसत्या करून घ्या. ती पुन्हा चालेल. फक्त उशीर करू नका, पडून राहिली तर अंगातली उरलीसुरली ताकदही जाईल.”

हे वाक्य नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. ती पुन्हा चालणार होती. पडल्याने तिचे चालणे संपले नव्हते.

पण सेवकराम मला बघू शकत नसे. मी खुंटीवर टांगलेला असे. तो घरात आला की मान वळवी. जेवताना पाठ करून बसे. शेवटी रुखमिणीनेच मला उचलून ढोलीमागे ठेवले, म्हणजे निदान त्याच्या घशाखाली घास उतरेल.

“नागपूरले कवा जाता?” ती विचारी.

“धानाचे परे लावून होऊ दे,” तो म्हणे. रोवणी झाली की म्हणे, “धान निघू दे.” धान निघाले की माघ जवळ आलेला असे, आणि माघात तो कोणाशीच बोलत नसे.

एकदा सत्यवतीने त्याला खाटेजवळ बोलावले. मी ढोलीमागून सारे ऐकत होतो.

“दादा, तुनं मले सोडलं नाही. माहा गुडघा सुटला. तुह्यावर राग नाही माहा.”

तो खाटेची सैल दोरी ओढत बसला.

“राग असता तं बरं झालं असतं का रे तुले?”

“तसं नको म्हणू.”

“मंग बूट तेवढा नीट करून आण. मले आंगणापर्यंत जाऊ दे. पहाडी नाही म्हणत मी.”

“आणतो,” तो म्हणाला. मग गुरांना पाणी पाजायचे म्हणून उठून गेला.

त्याचे आपल्या बहिणीवर प्रेम होते. रोज तो तिला उचलून उन्हात बसवी, तिच्यासाठी बाजारातून चिवडा आणी. पण मला हात लावायचा म्हणजे ती पायरी पुन्हा चढायची, आणि ते त्याच्याने होत नव्हते. तिसऱ्या वर्षानंतर सत्यवतीने विचारणे सोडले. तिचा चांगला पायही बारीक होत गेला. पाठीला जखमा झाल्या, त्या भरेनात. १९८५ च्या थंडीत ताप आला आणि चार दिवसांत ती गेली.

तिचे दिवस उरकल्यावर सेवकरामने मला ढोलीमागून काढले. फडक्याने पुसले, पिशवीत घातले आणि नागपूरची बस धरली. कारखान्यात केवळराम मिस्त्री नव्हते, एक तरुण कारागीर होता. त्याने मला उलटसुलट पाहिले.

“बाई कुठं आहेत? पाय मोजावा लागेल.”

“दोन बोटं आखूड झाला होता पाय,” सेवकराम म्हणाला. “तेवढी टाच वाढवून द्या.”

“तसं अंदाजानं नाही होत, काका. त्यांना आणा.”

“तुमी करा ना भाऊ,” सेवकराम म्हणाला. त्याचा आवाज ऐकून कारागिराने पुढे विचारले नाही.

त्याने टाचेखाली लाकडाचा तुकडा ठोकला, दांड्या पुढच्या भोकांत बसवल्या, कड्यांना तेल दिले. सेवकराम बाकावर बसून पाहत होता. शेजारच्या टपरीवरून चहा सांगितला होता. टपरीवरचा पोरगा चहा घेऊन यायच्या आत काम संपले.

“झालं?” सेवकरामने विचारले.

“झालं. एवढंच होतं.”

सेवकरामने मला मांडीवर घेतले आणि तो तिथेच तोंड झाकून रडला. चहा निवून गेला.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणाची कुबडी, कोणाचा चष्मा, कोणाचे कानाचे यंत्र नादुरुस्त पडले असेल. ते पाहून मोठ्या माणसांच्या मनाला लागते, म्हणून ते नजरेआड गेले असेल. ते तुम्ही शोधून बाहेर काढा आणि घरच्यांच्या मागे लागा. रागावले तर रागावू द्या. कोणी देवाच्या किंवा लोकांच्या नावाने एखाद्याचा आधार काढून ठेवायला सांगितले, तर तुम्ही त्याच्या बाजूला उभे राहा आणि ‘नाही’ म्हणा. आम्ही लोखंडाचे आहोत, आम्हाला घाई नाही. पण मोजायला पाय आहे, तोवरच आम्हाला घेऊन मिस्त्रीकडे जा.