सरावाचा पेशंट

मामा सोफ्यावर आडवे झाले, चपला पायांनीच ढकलून दिल्या आणि मेले.

"गेलो," ते म्हणाले.

"मेलेला माणूस बोलत नाही," मामी म्हणाली. परीक्षक म्हणून ती समोरच्या खुर्चीत बसली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, प्रश्नांचे कागद मांडीवर.

"ही सिस्टर टिपणं वाचत बसली. मी वाट तरी किती बघायची?"

भाचीने हातातलं टिपण खाली केलं. उद्या सकाळी तिची नर्सिंगची प्रात्यक्षिक परीक्षा होती, दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी ती क्रम न चुकवता प्रश्न विचारत गेली होती. रुग्णाचं काम करणारा माणूस धाप लागल्याचं सोंग करून खरोखर दमला, तरी तिची मान वर झाली नव्हती. परीक्षकबाईंनी शेरा मारला होता: रुग्णाकडे पाहिले नाही. या खेपेला नापास झाली, तर वॉर्डातली तिच्यासाठी धरून ठेवलेली जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

"माझ्याकडे गाडी शिकायला यायचे ना, तेसुद्धा असेच," मामा म्हणाले. "नजर सारखी गिअरवर. मी म्हणायचो, बाबांनो, रस्ता पुढे आहे. तुझ्यापुढे मी आहे, सिस्टर."

"तुम्ही आधी जिवंत व्हा," भाची म्हणाली.

मामा जिवंत झाले, उशी सारखी केली आणि पुन्हा पडले.

*प्रसंग दुसरा. पुरुष, साठीच्या पुढचा. हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. धाप लागते, असे सांगतो. तुम्ही काय कराल?*

मामीने कागद पालटला. "हा नको. दुसरा काढते."

"राहू दे गं," मामा म्हणाले. "या भूमिकेचा मला अनुभव आहे. मागच्या वर्षी प्रयोग झालाय."

मामी हसली नाही. आत दूध तापत ठेवलं होतं, ते बघायला म्हणून उठली.

भाचीने डोळे छताकडे लावले आणि घडाघडा सुरुवात केली. पाठीला आधार देऊन बसवीन. कपडे सैल करीन. धाप कधीपासून लागते, ते विचारीन. छातीत दुखतं का, विचारीन. दुखणं हातात उतरतं का, विचारीन. पाय सुजतात का—

एव्हाना मामा मरायला हवे होते.

*रुग्ण उत्तर देत नाही. तुम्ही काय कराल?*

*(अ) सोंग समजाल.* मामांचं सोंग इतका वेळ गप्प बसत नसे.

*(ब) मामीला हाक माराल.* मामी आत होती. हाक घशापर्यंत आली होती.

*(क) टिपण बघाल.*

*(ड)*

ती सोफ्याशी गुडघ्यांवर बसली आणि बघू लागली.

सदऱ्याचं दुसरं बटण वर आलं. खाली गेलं. पुन्हा वर आलं, तितकंच. खिडकीतलं ऊन मामांच्या गालावर होतं. ओठ ऊन नसतानाही गुलाबीच दिसले असते. मानेच्या शिरा सैल होत्या. तिने मनगटावर बोटं टेकवली. हात कोमट, तळवा कोरडा. बोटांखाली काहीतरी निवांतपणे चाललं होतं, उताराला लागलेल्या गाडीसारखं. तिने स्वतःचाही श्वास सोडला.

"काय झालं?"

मामी दारात उभी होती. हात ओले.

"झोपलेत."

"कशावरून?"

प्रश्न परीक्षकाचा होता, आवाज नव्हता.

"छाती दोन्हीकडे सारखीच हलतेय. श्वासाला जोर लावावा लागत नाहीये. ओठ बघ, नखं बघ. हात गरम आहे, घाम नाही. नाडी एका लयीत आहे."

मामी खुर्चीत न बसता खुर्चीच्या हातावरच टेकली. पदराने हात पुसले. कोरडे झाल्यावरही पुसत राहिली.

"मी रात्री यांच्या नाकापुढे बोट धरते," ती हळूच म्हणाली. "यांना माहीत नाही. पण नीट कळत नाही गं, वारा यांचा की पंख्याचा."

"तसं नको. इथे ये. नाडी बघतेयस असं मनगट धर, आणि डोळे छातीवर ठेव. श्वास मोजतंय कुणी, हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो. म्हणून कळू द्यायचं नाही."

तिने मामीची बोटं घेऊन अंगठ्याच्या मुळाशी ठेवली. "दाबू नकोस. नुसती ठेव."

मामी वाकली. दुसरं बटण थांबलं, आणि मग वर आलं. पहिल्यापेक्षा वर, सावकाश, पुरेपूर, समोरच्याला स्पष्ट दिसावं असं. मग तसंच खाली गेलं.

भाचीने मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे मिटलेले होते. एक पापणी किंचित हलली.

"चांगला मोठा घेतात की," मामी म्हणाली. "रात्रीही वारा असाच मोठा लागतो. बोट धरलं की. म्हणजे तो यांचाच."

"हो," भाची म्हणाली. "उत्तम आहे."

मामीच्या खांद्यांतला ताण उतरला. मनगट न सोडता तिने इकडेतिकडे पाहिलं. "तुझं टिपण कुठे गेलं?"

ते भाचीच्या गुडघ्याखाली होतं, चुरगळलेलं. तिने तिथेच राहू दिलं.

"पुढचा प्रसंग वाचू?" मामीने विचारलं.

"थांब ना जरा. तू मोज."

*योग्य निर्णय: रुग्णास उठवू नये. निरीक्षण चालू ठेवावे.*