चार बोटांची मोकळी जागा

मला सगळं नीट आठवतंय की नाही, याची मला खात्री नाही. एखाद्या म्हाताऱ्याने असं म्हटलं तर चालतं. पण मी इतिवृत्ताची वही बोलतेय. सभेत काय घडलं ते लक्षात ठेवणं, एवढंच माझं काम. आणि माझ्या सत्तेचाळिसाव्या पानावर जे लिहिलं आहे ते, मला जे आठवतं त्याच्याशी जुळत नाही.

मी सीबीडी बेलापूरच्या एका स्टेशनरीच्या दुकानात होते. लाल कापडी पाठ, जाड पुठ्ठा, दोनशे पानं. माझ्यासारख्या बाकीच्या वह्या सोसायट्यांनी नेल्या. पाण्याची टाकी, पार्किंग, लिफ्ट यांत त्यांचं आयुष्य गेलं असेल. मला मात्र एका राजकीय पक्षाच्या सरचिटणिसांनी उचललं. प्राध्यापक हिरामण, सगळे त्यांना सर म्हणत. राज्यशास्त्राचे डॉक्टर. प्रबंधाचा विषय 'पक्षांतर्गत लोकशाही'. त्यांनी दुकानातच माझी पानं मोजली. दोनशे भरली. मग पुन्हा मोजली.

सर लिहिताना फार हलका हात ठेवत. शाईचं पेन कागदावरून जणू परवानगी मागत फिरायचं. एखादा शब्द लिहिला की थांबत, पुसट आवाजात स्वतःलाच विचारत, "बरोबर आहे ना?" माझ्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द त्यांचा. त्यामुळे माझा स्वभावही त्यांच्यासारखाच झाला असेल, तर तो दोष माझा एकटीचा नाही.

पक्ष पाच जिल्ह्यांत होता, पण पाटीवर 'प्रदेश कार्यालय' असं लिहिलेलं. गावठाणातल्या लोकांनी वाढत्या कुटुंबांसाठी बांधलेली घरं त्यांच्या नावावर व्हावीत, म्हणून तो निघाला होता. देवजीदादा प्रदेशाध्यक्ष. ते वारले, तेव्हा नवा अध्यक्ष निवडायला कार्यकारिणी बसली. अकरा माणसं. ही सभा माझ्या सत्तेचाळिसाव्या पानावर आहे.

दोन नावं होती. एक तळवलीच्या पुतळाबाई, कार्याध्यक्षा. दादा आजारी होते ती तीन वर्षं पक्ष त्यांनीच चालवला. घरं मोजायला माणसं आली की मोजपट्टीचं दुसरं टोक स्वतः धरून उभ्या राहणाऱ्या. दुसरा दादांचा पुतण्या भावेश, बांधकाम व्यावसायिक, सरांचा जुना विद्यार्थी. त्याचं म्हणणं, जुनी घरं पाडून टॉवर बांधावेत. कोण बांधणार, हे विचारायची गरज नव्हती.

हात वर झाले. पुतळाबाईंना सात, भावेशला चार. मला हे स्पष्ट आठवतं, पण माझ्यात कुठेही लिहिलेलं नाही. कारण लगेच भावेश उठला आणि पुतळाबाईंच्या पाया पडला.

"काकी, मी माघार घेतो. सर, सात-चार नका लिहू. पेपरवाले उद्या 'पक्षात फूट' म्हणून छापतील. 'एकमताने' लिहा ना."

टाळ्या झाल्या. सरांनाही बरं वाटलं. त्यांनी लिहिलं, 'प्रदेशाध्यक्षपदी', आणि पेन थांबलं.

"बाई, तुमचं नाव यादीत कसं आहे?"

"कसं म्हंजे? पुतलाबाई."

"तसं नाही. रेशनकार्डावर पुतळा आहे, बँकेत पुतळीबाई. मतदारयादीत काय आहे?"

"सर, मना अख्खा गाव पुतलाबाई म्हनतो. लिवा पुतलाबाई."

सर लिहीनात. याला कारण होतं. आधीच्या निवडणुकीत त्यांनी पक्षाच्या पत्रावर उमेदवाराचं नाव 'जानू' लिहिलं होतं. यादीत निघालं 'जनार्दन'. हरकत आली, धावपळ झाली, आणि ती चूक सरांच्या मनातून कधी गेली नाही. तेव्हा त्यांनी 'प्रदेशाध्यक्षपदी' नंतर चार बोटं जागा मोकळी सोडली आणि पुढे लिहिलं, 'यांची एकमताने निवड करण्यात आली.'

"यादी बघून नाव भरतो," ते म्हणाले. "सह्या आत्ता करून घ्या. पुन्हा अकरा जण एकत्र यायला महिना जाईल."

त्या मोकळ्या जागेखाली अकरा सह्या झाल्या. पहिली पुतळाबाईंची. त्या सही करताना जीभ किंचित बाहेर काढत आणि शेवटच्या कान्यावर जरा जोर देत. नामा नावाचा उरणचा सभासद म्हणाला, "अध्यक्षबाई, आता चहा तुमच्याकडून." त्या म्हणाल्या, "चहा कसला, मटनभाकरी घाल्तंय. या तलवलीला."

सगळे हसले. गडबडीत सरांचं पेन माझ्यातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सर आलेच नाहीत. त्यांना ताप भरला होता. अकराच्या सुमाराला कपाट उघडलं. कारकून धनेशने मला बाहेर काढलं आणि आवाज आला, "झेरॉक्स काढून देतो परत, टेन्शन नको घेऊ." आवाज भावेशचा होता, असं मला वाटतं. चेहरा मला दिसला नाही. मला फक्त दाब कळला. ते पेन सरांचंच होतं, शाई सरांचीच, पण हात हलका नव्हता. इतका जोर, की अक्षरं खालच्या पानावर उमटली. अक्षर मात्र हुबेहूब. सरांचा 'भ' त्याने कॉलेजात तीन वर्षं फळ्यावर पाहिलेला होता.

मी ओरडू शकले नाही. कागदाला विरोध करता येत नाही. जो लिहील त्याचं तो घेतो.

आठवड्याभरात ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत बॅनर लागले, 'प्रदेशाध्यक्षपदी एकमताने निवड झाल्याबद्दल भावेशशेठ यांचे अभिनंदन'. मधल्या काळात सातांपैकी काहींना उपाध्यक्षपदं मिळाली, काहींना नुसते फोन आले. मग भावेशने घाईने बोलावलेली पुढची सभा. विषय क्रमांक एक नेहमीचाच: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.

सर तापातून उठून थेट सभेला आले होते. भावेश मधल्या खुर्चीवर.

"वाचलं असं समजू या," तो म्हणाला. "टाईम वाचेल."

"समजाचं कशाला?" पुतळाबाई दारातूनच बोलल्या. "सरांना वाचता येतंय. बॅनर काय, कोनी पन लावील. वहीत काय हाय ते वाचा, सर."

त्यांना माझ्यावर केवढा विश्वास होता! खोलीतल्या बाकीच्या दहा माणसांपेक्षा जास्त.

सरांनी मला उघडलं. त्यांचा अंगठा त्या ओळीवर आला. त्यांनी वाचलं, "प्रदेशाध्यक्षपदी श्री. भावेश यांची..." मग अंगठा पुन्हा ओळीच्या सुरुवातीला नेला.

"सर, हे तुमी लिवलंय?"

मला वाटलं, आता ते नाही म्हणतील. एकच शब्द. पण मी त्यांना ओळखत होते. त्यांनी चष्मा पुसला, मला तोंडाजवळ नेलं, 'भ' निरखला. तापाचे आठ दिवस त्यांना धड आठवत नव्हते. आपण आलो होतो का इथे? कुणी सांगितलं म्हणून लिहिलं का?

"अक्षर माझ्यासारखं आहे," ते म्हणाले.

"सारखं म्हंजे? तुमचं हाय का नाय?"

"खात्रीने सांगता येत नाही, बाई."

कुणीतरी खोकलं. नामा खाली बघत म्हणाला, "जाऊ दे ना बाय. सगल्यांच्या सह्या हायेत. आता वाद कशाला?"

पुतळाबाईंनी मला आपल्याकडे ओढलं. ओळ वाचली. मग खालच्या पहिल्या सहीवर बोट ठेवलं, त्या शेवटच्या कान्यावर.

"ही तं माजीच हाय," त्या हळूच म्हणाल्या. "हिला कशी नाय म्हनू?"

त्यांनी पिशवी उचलली आणि गेल्या. सरांनी माझ्या पुढच्या पानावर लिहिलं, 'मागील इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.' मी लिहू दिलं. दुसरं काय करणार होते?

पुढची पानं थोडीच आहेत. सगळे अधिकार अध्यक्षांना देण्याचा एका ओळीचा ठराव, मग पक्ष एका मोठ्या पक्षात विलीन करण्याचा एका ओळीचा ठराव. त्यानंतर माझी पानं कोरी आहेत. कार्यालय बंद झालं तेव्हा धनेशने मला रद्दीच्या गठ्ठ्यात बांधलं होतं. सरांनी सोडवून घेतलं. तेव्हापासून मी त्यांच्या उरणच्या घरी, औषधांच्या डब्याशेजारी असते.

ते मला अधूनमधून उघडतात. एकदा त्यांचं बोट सत्तेचाळीसवरून घसरून अठ्ठेचाळिसाव्या पानाच्या वरच्या भागावर गेलं आणि तिथे त्यांना भावेशचं नाव खोलगट लागलं. माझी सगळी पानं त्यांनी चाचपून पाहिली. त्यांच्या हाताने कुठेही असा खड्डा पडलेला नव्हता. "मी नव्हतो," ते म्हणाले. खोलीत मी सोडून कुणी नव्हतं. पुतळाबाईंना सांगायला तळवलीला जायचं त्यांनी तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा बसस्टॉपवरून परत आले.

कुणी माझं ऐकत असेल, तर एवढंच मागते. मोकळ्या जागेखाली सही करू नका, समोरचा माणूस कितीही सज्जन असला तरी. आणि तुम्हीच तो सज्जन माणूस असाल, तर माणूस जे नाव सांगतो ते लिहून टाका.

सभेला आठ वर्षं झाली. गेल्या महिन्यात सरांनी कुठून तरी त्या वर्षीच्या मतदारयादीचं तळवलीचं पान मिळवलं. चष्मा लावून, पट्टी ठेवून, ओळ न् ओळ उतरत गेले. मग ते पान घडी करून माझ्या सत्तेचाळिसाव्या पानात ठेवलं आणि मला मिटलं. ते आता त्या ओळीला टेकून आहे, म्हणून मला वाचता येतं. अनुक्रमांक चारशे बारा, स्त्री, वय एकसष्ट. नाव: पुतळाबाई.