ओद्रुन दार उघडत नाही

रिमोटच्या पाठीवरची निळी चिकटपट्टी एका कोपऱ्यातून सुटत आली होती. यानिना ती अंगठ्याने दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची — आणि एल्बाला वाटलं, ही पोरगी घाबरली आहे. मालिकेचा शेवटचा भाग बघताना कुणी असं घाबरत नाही. ही दुसऱ्याच कशाला तरी घाबरली आहे. आणि ते दुसरं काय, हे मला ठाऊक आहे. मला ठाऊक नाही असं मात्र तिला वाटतंय.

"आई, अशी लांब का बसलीस? सोफ्यावर ये की."

"इथून दिसतं."

दिसत होतं खरंच. टीव्ही दिसत होता, खिडकीबाहेर ऑगस्टच्या, म्हणजे इथल्या भर हिवाळ्याच्या, थंडीत उघडीबोडकी झालेली झाडं दिसत होती, आणि खिडकीजवळच्या चांगल्या खुर्चीत, गुडघ्यांवर चौकड्यांची शाल घेऊन बसलेला वाल्देमार दिसत होता. साखरेच्या दुखण्यात त्याच्या उजव्या पायाची दोन बोटं कापावी लागली होती. यंदाच्या पानगळीत एक बॅग घेऊन नदीपलीकडच्या रोसारिओच्या बसमधून तो इथे पायसांदूत उतरला आणि यानिनाने त्याला घरात घेतलं. बाप आहे म्हणाली. असेल. पण घर दोन जिने वर, आणि डॉक्टर म्हणाले होते जिने नकोत... तेव्हापासून दर रविवारी एल्बाला जेवणाचं आमंत्रण यायला लागलं. घरी केलेले, सारण भरलेले राव्हिओली, वर भरपूर रस्सा, आणि जेवण झालं की मालिका. "तुझ्याच पुस्तकाची आहे, आई. 'हिमखिंडी'ची. तू नसलीस तर काय मजा?" आमिष चांगलं होतं, आणि ते आमिष आहे हे कळूनही ती दर रविवारी थर्मास काखेत मारून दोन जिने चढत होती.

तिने येर्बाच्या, त्या कडू पाल्याच्या चहाच्या, सुक्या भोपळ्यात गरम पाणी ओतलं, नळीने एक कडू घोट ओढला आणि भोपळा यानिनाकडे दिला. वाल्देमारला यानिनाने भरून द्यावा, स्वतः देणार नाही — हे न बोलता पहिल्याच रविवारी ठरून गेलं होतं.

पडद्यावर बर्फ पडायला लागला. तटबंदीवर ओद्रुन उभी होती — म्हणजे हे लोक जिला ओद्रुन म्हणत होते ती. पहिल्या भागापासून एल्बाचं तिच्याशी जमलं नव्हतं. पुस्तकातली ओद्रुन जाडी आहे, तिचे पुढचे दात पडलेले आहेत, गुडघे धरलेले, ती पायऱ्या बाजूने उतरते, खेकड्यासारखी. आणि ही बाई कशी, कमरेत वेताच्या काठीसारखी, दात मोत्यांचे, वाऱ्यावर केस उडताहेत. खिंडीचं दार राखणारी बाई केस मोकळे सोडील का? पहिल्याच हिवाळ्यात कानांना गारठा लागून मरेल.

"किती सुंदर आहे ना ती," यानिना म्हणाली.

"हो. आजारी पडेल."

वाल्देमार हसला. त्याचं हसणं अजून तसंच होतं — नाकातून, अर्धवट, आपण दोघं एका बाजूला आणि जग दुसऱ्या बाजूला अशा थाटाचं... एल्बाने मान वळवली नाही.

...असंच हसून तो पुलावर गेला होता. तेव्हा नदीपलीकडे, अर्जेंटिनात, सगळं स्वस्त होतं. अर्धं गाव शनिवारी पूल ओलांडून कोलोनला जायचं, तेल, साबण, मैदा घेऊन यायचं. "लंगोट आणतो बाळाला, आणि तुला काय आणू, बारके?" बारकी म्हणायचा तो. तेव्हा मी होतेही बारकी. ती म्हणाली होती, काही नको, लवकर ये. रात्री तो आला नाही तेव्हा तिला वाटलं अपघात झाला. दुसऱ्या दिवशी यानिनाला कडेवर घेऊन ती पोलिसांकडे गेली, नवरा हरवलाय म्हणाली, अंगात निळा स्वेटर होता म्हणाली, आणि टेबलामागचा माणूस लिहिता लिहिता थांबला, शेजारच्याकडे बघून हसला... तो गेला याचं दुःख कधीतरी झिजलं. पण ते हसणं झिजलं नाही. त्या निळ्या स्वेटरचं वर्णन मी किती काळजीने केलं होतं — कोपराला रफू आहे हेसुद्धा सांगितलं होतं.

त्याच हिवाळ्यात पुस्तक भेटलं. रविवारच्या बाजारात, खेळण्यांच्या ढिगात, उशीएवढं जाड, मुखपृष्ठ फाटून गेलेलं. लोकरीच्या गिरणीत ती कापड तपासायला बसायची. मधल्या सुट्टीत वाचायला लागली, मग शेजारच्या बायका म्हणाल्या मोठ्याने वाच, आणि मग सगळा विभाग भोपळा फिरवत ऐकायला लागला. जादूचे लांडगे, बोलणारे हिमकडे, सगळं खपून गेलं त्यांना, एरवी कुणाचं काही खपवून न घेणाऱ्या त्या बायकांना. आणि जेव्हा तो भाग आला — वेढा पडला असता धान्य आणतो सांगून निघून गेलेला, आणि मग दुसऱ्याच देशात मजेत राहिलेला राजा सार्वेल म्हातारा होऊन, हरून, एकटा परत येतो, खिंडीच्या दाराशी बर्फात गुडघे टेकतो, आणि ओद्रुन तटावरून वाकून म्हणते, 'हे दार बाहेरच्यांसाठी कधी नव्हतंच, राजा. दार आतल्यांसाठी असतं' — तेव्हा रंगाच्या हौदावरची जाडी तेरेसिता उभी राहिली होती आणि तिने टाळ्या पिटल्या होत्या. सगळ्यांनी पिटल्या. मुकादम धावत आला. काय झालं? काही नाही, एक बाई नाही म्हणाली!

तो भाग आता येणार होता. ती वाक्यं एल्बाच्या तोंडात आधीच येऊन बसली होती, हजारदा म्हटलेली — भाडं थकलं तेव्हा, गिरणी बंद पडली तेव्हा, आणि काही कारण नसताना, भांडी घासताना.

पडद्यावर राजा कोसळला. ओद्रुनने वरून पाहिलं. कुठूनसं व्हायोलिन सुरू झालं, आणि त्या आवाजासरशी एल्बाला कळलं. व्हायोलिन कशाला? तिथे तर फक्त वारा आहे, अख्ख्या पानावर नुसता वारा... ओद्रुन धावत निघाली. केस उडवत, पायऱ्या दोन-दोन उतरत. अडसर काढला. दार उघडलं, सोनेरी उजेड बाहेर सांडला, आणि तिने राजाला उराशी धरलं, म्हणाली, "किती वाट पाहायला लावलीस."

यानिना रडत होती. वाल्देमारने डोळ्यांना शालीचं टोक लावलं. "छान केलंय," तो म्हणाला. "मनाला लागतं."

"खोटं आहे," एल्बा म्हणाली.

"आई, मालिका आहे ती. सगळंच खोटं असतं."

"लांडगे बोलतात ते खोटं नाही. हे खोटं आहे. ओद्रुन दार उघडत नाही."

यानिनाने नाक पुसलं, आणि मग ती जे म्हणाली ते तिने कुठल्याही तयारीने म्हटलं नव्हतं, म्हणूनच ते थेट येऊन लागलं. "उघडते की. तूच सांगायचीस मला. झोपताना. राजा आत येतो, ओद्रुन त्याला सूप देते, आणि सगळे शेकोटीपाशी झोपतात. मी रोज तेवढंच परत सांगायला लावायचे."

टीव्हीवर जाहिरात लागली. कुणी आवाज कमी केला नाही.

हो. सूप. भोपळ्याचं सूप, वर कोथिंबीर... हे सगळं मीच घातलं होतं. चार वर्षांची होती, राजा बाहेर राहिला की हुंदके देऊन रडायची, झोपायची नाही, आणि मला पहाटेची पाळी असायची. एका रात्री मी दार उघडलं. मग रोज उघडलं. म्हणजे या टीव्हीवाल्यांच्या कितीतरी आधी मीच... आणि ही पोरगी त्या उघडलेल्या दाराशी मोठी झाली. एवढी वर्षं उशाशी ते सूप घेऊन बसली. म्हणून तो बसमधून उतरला तेव्हा तिला जराही आश्चर्य वाटलं नाही.

आता मी माफी मागावी असं दोघांनाही वाटत असेल. एल्बाने स्वतःच्या आत शोधून पाहिलं, माफी मागण्यासारखं काही सापडतंय का. सापडलं नाही. मूल झोपलं होतं. ती पाळीवर गेली होती. पगार आला होता.

"तू तेव्हा चार वर्षांची होतीस," ती म्हणाली. "आता बत्तीसची आहेस. तो टीव्ही बंद कर. खरं कसं होतं ते सांगते."

"आई, प्लीज. बाबांसमोर नको."

"बाबांसमोरच."

आणि तिने सांगितलं. बसूनच, हातवारे न करता. पण गिरणीतला तो आवाज, यंत्रांच्या घरघरीवरून पार पलीकडच्या भिंतीपर्यंत जाणारा, तो आपसूक बाहेर आला. वारा सांगितला. राजाचे फुटलेले ओठ सांगितले — त्यात तिने कंजुषी केली नाही, पुस्तकानेही केलेली नाही. ओद्रुन खेकड्यासारखी पायऱ्या चढते ते सांगितलं. ती वरून भाकरी टाकते, आपल्या वाटणीची. आणि मग ते दाराचं वाक्य. शेवटी राजा भाकरी उचलून चालू लागतो, आणि ओद्रुन सकाळपर्यंत तटावरून हलत नाही.

यानिनाने रिमोट सोफ्यावर टाकला. "ठीक आहे. मग सरळच विचारते. तुझी मागची खोली रिकामी आहे. तळमजल्यावर आहे. बाबांना जिना झेपत नाही, आणि मला रजा मिळत नाही. तू फक्त त्यांना राहू दे. बाकी सगळं मी करीन."

"रिकामी नाही. मी असते तिथे."

"तू काय करतेस तिथे? लिंबाच्या झाडाकडे बघत वाचतेस!"

"तेच."

"राहू दे, पोरी," वाल्देमार म्हणाला. आवाज मऊ होता. "ती बरोबर बोलते. तिच्या जागी मी असतो तर मीही उघडलं नसतं." आणि तो नाकातून हसला. "काय, बारके?"

एल्बाने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या रविवारांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. म्हातारा माणूस होता. दाढी करताना हनुवटीखालचे केस राहून गेले होते. त्याला खरंच थंडी वाजत होती. राग शोधला तर होता, पण तिला वाटला होता तेवढा मोठा नव्हता. आणि राग लहान झाला तरी उत्तर बदललं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

"माझ्या जागी तू नाहीस," ती म्हणाली. "आणि तुला कुणी विचारलं नाही. मी बारकी नाही. एल्बा म्हण, नाहीतर काही म्हणू नकोस."

यानिनाने तोंड खिडकीकडे फिरवलं.

"यानिना, त्यांच्यासाठी तळमजल्यावरची जागा शोधू. मी तुझ्याबरोबर फिरेन. त्या बंदराकडच्या गल्लीत आहेत. त्यांच्या पायाच्या डॉक्टरांकडे जायचं असेल तर तुझ्यासाठी जाईन. पण माझ्या घरात नाही."

"भाकरी टाकतेस होय वरून?" यानिना म्हणाली. टोचून म्हणाली. पाठमोरीच.

एल्बाने कोट चढवला, थर्मास काखेत घेतला. मुलीच्या खांद्याला हात लावला. तिने खांदा जवळ केला नाही, पण झटकलाही नाही. जिना उतरताना वरून पुन्हा टीव्हीचा आवाज आला, मोठा, कुणाचंही बोलणं ऐकू येऊ नये इतका मोठा.

रस्त्यावर ऊन होतं, हिवाळ्याचं, नुसतं दिसणारं. ती नदीच्या बाजूने चालायला लागली. आपल्याला विजयी वाटेल असं तिला वाटलं होतं, कुठेतरी तेरेसिताच्या टाळ्या ऐकू येतील असं. तसं काही झालं नाही. छातीत काहीतरी नुकतं जागेवरून हललेलं होतं आणि अजून नवीन जागा शोधत होतं. एवढी वर्षं मी तटावर उभी राहून बाहेरच बघत राहिले... आत जे मूल झोपलं होतं, त्याला काय हवं होतं हे मी कधी मागे वळून विचारलं का? नाही विचारलं. आज ते मूल स्वतःच उठून आलं, म्हणालं, आई, दार उघड.

वाल्देमारला तर ती इतकी वर्षं नाही म्हणतच आली होती, रोज, भांडी घासताना, तो नदीपलीकडे असताना. ते सोपं होतं. यानिनाला ती आज पहिल्यांदा नाही म्हणाली होती. तिने ते 'नाही' पुन्हा म्हणून पाहिलं, हळूच, एका बंद दुकानापुढून जाताना. आवाज कापला. पुढच्या कोपऱ्यावर तिने परत म्हटलं. पुन्हा कापला — पण शब्द तोच होता.